खालचा दिवा

ठाणे, रविवार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तपासणीहून आलास, दोन घास खाल्लेस आणि काही न बोलता पुण्याची गाडी पकडलीस. ठिपक्यांच्या त्या पानांत तुला आकडे दिसले नाहीत आणि लोको पायलटची नोकरी हातची गेली. एवढा अभ्यास केला होतास! सोनू, हा रंगांधळेपणा तुला माझ्याकडून आला आहे. बाबांकडून नाही.

लहानपणी कोपरीच्या पुलावर तुला गाड्या दाखवायला न्यायचे. तू म्हणायचास, "आई, खालचा दिवा लागला, आता गाडी थांबणार." लाल दिवा असं कधी म्हणाला नाहीस. मला केवढं कौतुक, पोराचं किती बारीक लक्ष! तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण माझे बाबाही तसेच. गच्चीत वाळत घातलेल्या मिरच्यांतून हिरव्या वेचायच्या म्हटलं की ते आजीला हाक मारायचे.

आठ दिवस मी हेच वाचतेय. डीएनएची अक्षरं चार. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दामागे एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एक मणी. ही लिपी उलगडणाऱ्यांत आपले हरगोविंद खुराना होते, १९६८ चं नोबेल त्यासाठीच. लाल आणि हिरवा ओळखणाऱ्या प्रथिनांची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात. दोन्ही प्रथिनं ३६४ अमिनो आम्लांची, आणि फरक जेमतेम १५ ठिकाणी! इतकी सारखी, की बीजांड तयार होताना दोन एक्स आपसांत तुकडे बदलतात तेव्हा कधी जुळणी सरकते आणि एखादं जनुक गळून पडतं. आपल्याकडे ते कुठल्या तरी खापरपणजीच्या वेळी घडलं असणार.

आजोबांकडे एकच एक्स, तो त्यांनी मला दिला. आजीकडचा चांगला होता म्हणून मला रंग दिसतात. तुला माझ्या दोनांतला एक जायचा होता, आजोबांचा गेला. बाबांनी दिला तो वाय, त्यावर ही जनुकं नसतातच. तुझ्या वेळी मी ग्रहण पाळलं नव्हतं, दोन रात्री तेच मनात घोळत होतं. त्याचा काही संबंध नाही, हे आता पक्कं कळलंय.

अणूवाला जॉन डाल्टनही असाच होता. १७९४ मध्ये त्याने स्वतःच्या नजरेवर निबंध वाचला आणि मेल्यावर माझे डोळे तपासा, असं सांगून ठेवलं. जपलेल्या डोळ्यातला डीएनए १९९५ मध्ये तपासला, तर हिरव्याचं जनुकच नव्हतं.

उद्या तुला मुलगा झाला तर त्याला तुझ्याकडून हे जाणार नाही. मुलीकडे मात्र जाणारच, माझ्याकडे आलं तसं. ताईकडे माझ्याकडून आलं असण्याची शक्यता निम्मी निम्मी. तिच्या छोट्याने परवा झाडाची पानं चॉकलेटी रंगवली. ताईशी मी अजून काही बोलले नाही. शनिवारी ती येतेय, तूही ये. तू शेजारी बसलास तर मला सांगायला सोपं जाईल.

तुझी,
आई