आगीच्या आधीचे काही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत २०२० मध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली मेलेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या प्रकरणाची आठवण काढून आपण काल जो अग्रलेख लिहिला, तो मी दोनदा वाचला. त्यानंतर मिनियापोलिस शहरातले पोलीस ठाणे कसे पेटवले, दुकाने कशी फोडली, याला दोन परिच्छेद. फ्लॉइडच्या मानेवर ९ मिनिटे २९ सेकंद गुडघा होता, हे एका ओळीत. त्याआधी काय काय साचत आले होते, याबद्दल अवाक्षर नाही. ‘जाळपोळ करून कुणाला न्याय मिळाला?’ असे विचारून आपण थांबलात. प्रश्न विचारलाच आहे, तर एका माणसाचे उत्तर ऐकून घ्यावे ही विनंती.

एप्रिल १९९२ मध्ये मी लॉस एंजेलिसमध्ये होतो. वय २३. शहराच्या दक्षिण भागात एका कोरियन दांपत्याचे छोटे दुकान होते. दूध, पाव, सिगारेटी, दारू. संध्याकाळी मी तिथे माल लावायला जायचो. पहिल्याच दिवशी मालकांनी बजावले, की कृष्णवर्णीय गिऱ्हाईक आत आले की त्याच्या मागोमाग फिरायचे. फ्रीजपर्यंत जायचे, परत गल्ल्यापर्यंत यायचे. गोऱ्या माणसाच्या मागे फिरायला त्यांनी कधी सांगितले नाही, आणि असे का हे मीही विचारले नाही. इमानेइतबारे फिरत राहिलो.

एक बाई दर शुक्रवारी यायच्या, अंगावर रुग्णालयाचा गणवेश, बरोबर सात-आठ वर्षांचा मुलगा. एका शुक्रवारी मी मागे आहे हे पाहून त्या वळल्या. टोपली खाली ठेवली, दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले आणि म्हणाल्या, “नीट बघून घे. पुढच्या शुक्रवारी पुन्हा दाखवीन.” त्या मुलाला कुणी काही सांगितले नव्हते. त्यानेही आपले दोन्ही हात उघडून वर धरले. मी मान खाली घातली. थोड्या वेळाने दुसरे गिऱ्हाईक आले आणि मी त्याच्या मागे गेलो. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ते दोन लहान हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

त्याच शहरात १६ मार्च १९९१ रोजी लताशा हार्लिन्स ही १५ वर्षांची मुलगी अशाच एका दुकानात गेली होती. संत्र्याच्या रसाची बाटली तिच्या पिशवीत दिसली म्हणून दुकानदार बाईंनी तिला चोर ठरवले. झटापट झाली. पाठ फिरवून निघालेल्या मुलीच्या डोक्यात मागून गोळी घातली. रसाची किंमत १.७९ डॉलर होती, आणि तिच्या हातात दोन डॉलर सापडले. ज्यूरीने त्या बाईंना सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरले, पण न्यायाधीशांनी तुरुंगात पाठवले नाही. शिक्षा काय, तर प्रोबेशन, म्हणजे देखरेखीखाली मोकळीक, ४०० तास समाजसेवा आणि ५०० डॉलर दंड. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला पोलिसांनी रस्त्यात बडवले, त्यानंतर अवघ्या १३ दिवसांनी हे घडले. आपल्या अग्रलेखात १९९२ च्या लॉस एंजेलिस दंगलीचा उल्लेख आहे, लताशाचा नाही.

२९ एप्रिल १९९२ ला रॉडनी किंगला मारणाऱ्या पोलिसांवरील खटल्याचा निकाल लागला. मारहाणीची चित्रफीत साऱ्या जगाने पाहिली होती, तरी एका आरोपावर ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि बाकी सर्व आरोपांतून चारही पोलीस सुटले. संध्याकाळी शहर पेटू लागले, तेव्हा पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स पोलीस सुधारणांच्या विरोधात निधी जमवणाऱ्या एका कार्यक्रमाला शहराच्या ब्रेंटवुड भागात गेले होते. आमचे मालक ९११ हा आणीबाणीचा क्रमांक फिरवत राहिले. कुणी आले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान जळाले. शनिवारी आम्ही तिघांनी राख उपसली. गल्ल्यातली नाणी काळी पडून एकमेकांना चिकटली होती. मालकीणबाई ती एकेक सोडवत बसल्या होत्या, आणि विमा कंपनीने हात वर केले होते. त्या दिवसांत साठाहून अधिक माणसे गेली, दोन हजारांवर कोरियन दुकाने लुटली किंवा जाळली गेली. दंगल चांगली असते असे मी म्हणेन, हे शक्य नाही.

पण आपल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. पोलीसप्रमुखाच्या कार्यकाळाला मर्यादा घाला, अशी शिफारस रॉडनी किंगच्या मारहाणीनंतर नेमलेल्या क्रिस्टोफर आयोगाने जुलै १९९१ मध्येच केली होती. मतदारांनी ती मंजूर केली जून १९९२ मध्ये, आगीनंतर. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ची. त्यानंतर शंभरावर शहरे पेटली, आणि घरे विकताना, भाड्याने देताना वर्णभेद करायला बंदी घालणारा, रखडलेला नागरी हक्क कायदा ११ एप्रिलला झाला. मला हे लिहिताना आनंद होत नाही. आधी ऐकले असते तर आमच्या मालकीणबाई राखेत बसल्या नसत्या, एवढेच मला दिसते.

शेजारच्या लेखात आपल्या स्तंभलेखकांनी ‘दंगल ही ज्यांचे ऐकले जात नाही त्यांची भाषा’ हे मार्टिन ल्यूथर किंग यांचे वाक्य दिले आहे. ते अर्धवट आहे. त्याच भाषणात दंगल ही स्वतःचाच घात करणारी आहे, असे ते बजावतात, आणि ती जिथून उगवते त्या परिस्थितीचाही तितक्याच जोराने निषेध करतात. दोन्ही बाजूंना अर्धेच किंग हवे असतात.

आणखी एक. रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्याच टुल्सा शहरात १९२१ मध्ये जे घडले त्याला आपण ‘वांशिक दंगल’ म्हटले आहे. तिथे गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची ग्रीनवुड वस्ती, सुमारे ३५ ब्लॉक, जाळून टाकली. ते हत्याकांड होते. दंगलीतले नुकसान भरून देणार नाही, या कलमावर बोट ठेवून विमा कंपन्यांनी त्या लोकांचे दावे फेटाळले. ‘दंगल’ या एका शब्दाने त्यांची घरे दुसऱ्यांदा गेली. कृपया दुरुस्ती छापावी, आणि तीही पुरवणीतच, त्याच पानावर.

कळावे,
आपला एक जुना वाचक