मॅडम, त्या लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूबद्दल

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं मॅडम. चारचौघांत आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, तेही ठाऊक आहे. पण माझ्यासारखी दुखणी घेऊन कितीतरी जण घरोघरी पडून आहेत आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर बायोकेमिस्ट्रीच्या निवृत्त प्राध्यापिका राहत नाहीत. तेव्हा एवढं चालवून घ्या.

डेंग्यूचा ताप गेला, थकवा मात्र मुक्कामालाच राहिला. पतसंस्थेच्या कॅश काउंटरवर दिवसभर उभी राहणारी मी, डोक्यावरून आंघोळ केली की दुसरा दिवस अंथरुणात काढायची. 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' हे निदान होईपर्यंत 'टेन्शन घेऊ नकोस' हे सगळ्या नातेवाइकांचं सांगून झालं होतं. त्यातच कोणीतरी वाचलं की या आजारात स्ट्रेस हार्मोनचा, म्हणजे कॉर्टिसॉलचा घोळ असतो. झालं! 'आम्ही काय म्हणत होतो?' असं म्हणायला सगळे मोकळे.

तुम्ही आईला भेटायला आलात आणि माझी फाइल मागितलीत. पहिलाच प्रश्न, 'कॉर्टिसॉलचं रक्त किती वाजता घेतलं?' दुपारी चारला. शेजारी छापलेली रेंज मात्र सकाळी आठची. झोपेतून उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल सगळ्यात वर जातं आणि मग उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला लागतं, हे आमच्यापैकी कोणाच्याच गावी नव्हतं. रिपोर्टवरच्या 'लो' या शब्दावर तुम्ही पेन्सिलीनं काट मारलीत आणि एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलंत. तिथे सकाळचं रक्त झालं, एसीटीएच (कॉर्टिसॉल बनवायला लावणारं हार्मोन) देऊन करायची चाचणी झाली, ॲडिसनचा, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी पुरेसं कॉर्टिसॉल बनवत नाहीत तो आजार नाही हे पक्कं झालं. सकाळचा आकडा रेंजमध्येच होता, खालच्या टोकाला.

मग ती लग्नपत्रिका. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही मेंदूतला हायपोथॅलॅमस, त्याखाली पिट्युटरी ग्रंथी आणि त्याखाली मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ॲड्रिनल ग्रंथी काढलीत. वरून खाली बाण, म्हणजे कॉर्टिसॉल बनवायचा हुकूम. मग एक बाण खालून वर, तो दोनदा गिरवलात. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच वर जाऊन सांगतं, आता बास. या आजारात गडबड असलीच तर ती बहुधा या उलट्या बाणात, असं म्हणालात. १९९१ पासूनच्या अभ्यासांत काही रुग्णांचं कॉर्टिसॉल किंचित कमी सापडत आलंय. जास्त नव्हे, कमी! हे ऐकून आमच्या मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

एपिजेनेटिक्स, म्हणजे जनुक न बदलता ते चालू-बंद कसं होतं, हे समजावताना तुम्ही माझ्याच काउंटरवरचा दाखला दिलात. लेजर तेच, नोंदी त्याच, फक्त काही पानं टाचणी मारून बंद केलेली. डीएनएवर चिकटणारे मिथाइल गट म्हणजे त्या टाचण्या. कॉर्टिसॉल पेशीतल्या ज्या रिसेप्टरवर (निरोप घेणाऱ्या प्रथिनावर) जाऊन बसतं त्याच्या जनुकाचं नाव एनआर३सी१. बेल्जियममधल्या संशोधकांना २०१५ मध्ये या आजाराच्या स्त्री-रुग्णांत त्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट कमी आढळले. टाचण्या कमी म्हणजे पान जास्त वाचलं जाणार, रिसेप्टर जास्त तयार होणार आणि थोड्याशा कॉर्टिसॉलनंही 'बास'चा निरोप वर पोचणार. टोरोंटो विद्यापीठाच्या पॅट्रिक मॅकगोवन यांच्या गटानंही रुग्णांच्या रक्तपेशींत अशा खुणांमधले फरक दाखवले, पहिल्यांदा २०१४ मध्ये. हे सांगता सांगताच तुम्ही ब्रेक लावलात. अभ्यास लहान आहेत, खुणा रक्तपेशींतल्या आहेत, मेंदूतल्या नाहीत, आणि त्यांच्यामुळे आजार झाला की आजारामुळे त्या उमटल्या हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. मला तर हा ब्रेकच जास्त आवडला. तोवर मला भेटलेला प्रत्येक माणूस खात्रीनं बोलत होता.

उंदरांच्या गोष्टीच्या वेळी आई तिथेच शेंगा सोलत होती. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातला २००४ चा प्रयोग, आईनं भरपूर चाटलेल्या पिल्लांच्या मेंदूत याच जनुकावरच्या टाचण्या कमी. आईचा हात थांबला. 'म्हणजे माझंच काही कमी पडलं का हो?' तुम्ही खुर्ची तिच्याकडे वळवलीत आणि सांगितलंत की उंदराच्या पिंजऱ्यातून माणसाच्या आईवर खटला भरता येत नाही. शिवाय टाचण्या कमी सापडल्या त्या लाडावलेल्या पिल्लांत, म्हणजे हिशेब लावायचाच तर तो उलटाच लागेल. आई हसली. त्या एका वाक्यासाठी हे सगळं पत्र आहे म्हटलं तरी चालेल.

आणि स्टेरॉइडच्या गोळ्या. कॉर्टिसॉल कमी तर कॉर्टिसॉल द्या, इतका सरळ हिशेब एका ओळखीच्या डॉक्टरांनी मांडला होता आणि मीही तयार होते, कोण नसेल? तुम्ही १९९८ ची चाचणी समोर ठेवलीत. अमेरिकेत ७० रुग्णांवर झालेली, निम्म्यांना हायड्रोकॉर्टिसोन (औषधातलं कॉर्टिसॉलच) आणि निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. फायदा थोडासा, पण औषध घेणाऱ्यांपैकी १२ जणांच्या ॲड्रिनल ग्रंथी मंदावल्या. वापरू नका, असंच ती चाचणी करणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं. माझ्या एंडोक्रिनॉलॉजिस्टनीही तेच सांगितलं.

रोजचं वेळापत्रकही तुमच्याचमुळे बदललं. 'जरा चाललीस की बरं वाटेल' म्हणणाऱ्यांना आता मी ब्रिटनच्या नाइस या आरोग्य संस्थेची २०२१ ची मार्गदर्शिका सांगते. ठरवून व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार त्यांनी तिच्यातून काढून टाकलाय. दमायच्या आधी थांबायचं. कणीक मळायला मी स्टुलावर बसते, भाजी आई निवडते, केस धुण्याच्या दिवशी दुसरं काही नाही. बरी झाले असं म्हणवत नाही, पण आडवं पडायचे दिवस कमी झालेत.

मुलीनं तुम्हाला जिन्यात गाठून विचारलं होतं, 'मलाही होईल का?' लहान आहे म्हणून तुम्ही तिला टाळलं नाहीत. एकाच घरात दोन रुग्ण कधीकधी सापडतात, हे सांगितलंत. गर्भाच्या सुरुवातीच्या दिवसांत अशा बहुतेक खुणा पुसून नव्यानं मांडल्या जातात, आणि आईच्या टाचण्यांमधून हा आजार लेकीत उतरतो असं कोणी दाखवलेलं नाही, हेही सांगितलंत. ते तिनं वहीत उतरवून ठेवलंय.

तिनं अकरावीला गणिताऐवजी बायोलॉजी घ्यायचं ठरवलंय, हे तुम्हाला अजून कळलं नसेल. जूनपासून रविवारी तिला वर पाठवू का, तेवढं सांगा. फी घेणार असाल तरच.

आपली नम्र,
खालच्या मजल्यावरची