पुरवठा साखळी आणि ताटकळणारे ट्रकचालक

महोदय,

मार्च 2021 मध्ये 'एव्हर गिव्हन' हे 400 मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस वाहतूक ठप्प झाली. 2023 मध्ये दुष्काळामुळे पनामा कालव्याला पाणी पुरवणाऱ्या गातून सरोवराची पातळी घसरली आणि त्या कालव्यातून रोज सोडायची जहाजे कमी करावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे आशिया-युरोप मार्गावरची बरीच जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. एवढे होऊनही पुरवठा साखळीची चर्चा ड्रोन, रोबो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेपलीकडे जात नाही, याचे वाईट वाटते.

कंटेनर कुठे आहे, हे सॉफ्टवेअर सांगते. पण एकाच पुरवठादाराकडून येणारा सुटा भाग अडकला, तर दुसरा पुरवठादार ते उभा करत नाही. टोयोटाने घडवलेली 'जस्ट इन टाइम' पद्धत, म्हणजे साठा न करता लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल मागवणे, उत्तमच. मात्र अनेकांनी त्यातून साठा कमी करणे तेवढे उचलले, पुरवठादाराशी जवळचे नाते राखणे सोडून दिले.

सर्वांत दुर्लक्षित आहे तो ट्रकचालक. माल उतरवण्याची वेळ ठरलेली असूनही गोदामाच्या फाटकाबाहेर तो तासन् तास ताटकळतो. ना स्वच्छतागृह, ना बसायला जागा. आत जागा मोकळी नाही, एवढेच उत्तर मिळते. या वेळेचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे आणि तो गोदामचालकाकडून वसूल व्हावा. मग गाड्या रिकाम्या करण्याचे नियोजन नक्की सुधारेल.

– एक वाचक