घोड्यावरून पडणे आणि आपले हसणे

महोदय,

घोड्यावरून पडणाऱ्यांच्या चित्रफिती गमतीदार संगीत लावून समाजमाध्यमांवर फिरत असतात. पडलेल्यानेच हसत उठून ती फीत टाकली असेल तर माझी तक्रार नाही. पडल्याशिवाय मांड पक्की होत नाही, हे प्रत्येक स्वार जाणतो. पण बहुतेक फिती माणूस जमिनीवर आदळताच संपतात. पुढे काय झाले ते दिसतच नाही. अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह यांचा घोडा १९९५ मध्ये एका स्पर्धेत अडथळ्यापुढे अचानक थांबला. ते डोक्यावर पडले आणि मानेखाली कायमचे लुळे झाले. रिकिबीत, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीत, पाय अडकून फरफटत जाणाऱ्या माणसावरचे विनोद तर मला पाहवत नाहीत.

त्याहून सलते ते घोड्याविषयीचे अज्ञान. फितीत तो ‘हट्टी’ किंवा ‘खोडकर’ ठरतो. नीट पाहिले तर कान मागे चिकटलेले असतात, शेपूट सपासप हलत असते, लगाम खेचल्याने तोंड उघडे पडलेले असते. ही पुष्कळदा वेदनेची किंवा भीतीची लक्षणे असतात. कधी खोगीरच पाठीला रुतत असते. हजारो लोक त्यावर हसले की नवशिक्यालाही तेच योग्य वाटू लागते.

शिकत असताना मी एकदा पडलो, तेव्हा हसे होईल म्हणून डोके दुखत असल्याचे दोन दिवस कोणाला सांगितले नाही. डोक्याच्या दुखापतीत असा उशीर जिवावर बेतू शकतो. फीत टाकणाऱ्यांनी निदान स्वार आणि घोडा आता कसे आहेत, एवढे तरी सोबत लिहावे.

– एक घोडेस्वार वाचक