आरोग्यमंत्री साहेब, स्टेंट दिलात. जेवायचं काय, ते कोण सांगणार?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून माझ्या मिस्टरांची ॲन्जिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडून आत जाळी, स्टेंट, बसवला. पदरचा पैसा लागला नाही, त्याबद्दल सरकारचे मनापासून आभार. पण परवा रिपोर्ट आला : एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 138. स्टेंट बसलेल्या माणसाचं ते 70 च्या खाली हवं म्हणतात. गोळी एकदाही चुकलेली नाही. मग हे झालं कसं?

डिस्चार्ज कार्डावर आहाराबद्दल तीन शब्द होते : "तेलकट, तुपकट टाळा." आहारतज्ज्ञ पुढच्या महिन्यापासून बसतील, असं दवाखान्यात सांगितलं होतं. खोलीवर पाटी लागली, कुलूप मात्र अजून तसंच आहे. शेंगदाण्यात तेल असतं म्हणून मिस्टरांनी दाण्याची चटणी सोडली, भाजीतलं कूट सोडलं. आणि दोन्ही वेळच्या चहाबरोबर बेकरीची खारी सुरू केली, कारण ती हाताला कोरडी लागते. खारीचा एकेक पदर वनस्पती तुपानं सुटतो, हे त्या माणसाला सांगायला तुमचं कुणी होतं का? पुड्यात बांधून मिळणाऱ्या खारीवर लेबलही नसतं.

शेवटी ओळखीतल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. एलडीएल चढवतो तो संपृक्त मेद, म्हणजे तुपालोण्यासारखा गोठणारा, आणि ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करून वनस्पती तूप बनवताना तयार होणारा. शेंगदाणे, बदाम, अक्रोड यांतला बहुतेक मेद असंपृक्त. तो संपृक्ताच्या जागी आला की एलडीएल उतरतं. 25 चाचण्यांचे आकडे एकत्र करून 2010 मध्येच दाखवलंय की रोज सरासरी 67 ग्रॅम असे दाणे खाल्ल्यावर एलडीएल सात टक्क्यांनी खाली आलं. आम्हाला एवढेही नकोत. मूठभर बिनमिठाचे दाणे, तेही खारीच्या जागी, खारीच्या जोडीला नव्हे. गोळी चालूच. आणि वाटणातलं सुकं खोबरं कमी, कारण त्यातला मेद जवळजवळ सगळा संपृक्त. कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्यापासून पांढऱ्या रश्श्यापर्यंत खोबरं आहे, साहेब! दाणे ठेवा आणि खोबरं आवरा, एवढं एक वाक्य कार्डावर लिहायला किती शाई लागली असती? आमच्या घरात बरोबर उलटं झालं. माझा नवरा रात्री छातीवर हात ठेवून झोपतो आणि मी जागी राहून त्याचा श्वास ऐकते. याची नोंद तुमच्या कुठल्या रजिस्टरात आहे?

तेलाच्या पिशवीवर "कोलेस्टेरॉल फ्री" छापू देता. अहो, झाडाच्या कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतं! पामतेलातही नसतं, तरी त्यातला निम्मा मेद संपृक्त असतो. आणि तेच पामतेल 2022 च्या दिवाळीत सरकारनं आनंदाच्या शिध्यात 100 रुपयांच्या संचातून घरोघरी पोचवलं. एका खात्यानं पामतेल वाटायचं, दुसऱ्यानं स्टेंट बसवायचा! निम्म्याहून जास्त खाद्यतेल देश बाहेरून आणतो आणि आमचा भुईमूगवाला भावासाठी रडतो. तळणीच्या तेलातले पोलर घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही, हा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या गाड्यावर कढईतलं तेल काळंभोर झालेलं असतं, मी रोज बघते. तपासायला कोण आलं? "ते अन्न व औषध प्रशासनाकडे येतं," असं उत्तर कृपया देऊ नका. नवरा माझा एकच आहे, त्याची खात्यांत वाटणी होत नाही.

त्या खोलीचं कुलूप काढा, आत माणूस बसवा. योजनेतून ॲन्जिओप्लास्टी झालेल्या प्रत्येकाला घरी जाण्याआधी, स्वयंपाक करणाऱ्या माणसाला शेजारी बसवून, मराठीत आहार समजावून सांगा. दाणे, खोबरं, खारी, वनस्पती तूप ही नावं घेऊन सांगा. सुट्या बेकरी मालात कोणतं तूप आहे, ते दुकानात लिहायला लावा. मिस्टरांची पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. त्याआधी मला लेखी उत्तर हवं.

आपली,
एका हृदयरुग्णाची पत्नी, कोल्हापूर