टाके सुटले, पण दुधाचं काय?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला भोक असलेल्या बाळावर यशस्वी शस्त्रक्रिया, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. सोबत आईबाप, डॉक्टर आणि दुपट्यातलं बाळ यांचा फोटो. बातमी तिथं संपते. आमच्या घरची खरी ओढाताण सुट्टी मिळाली त्या दिवशी सुरू झाली, म्हणून लिहितो.

माझ्या नातवाला जन्मतः हे दुखणं. साधारण तीन हजारांत एखाद्या बाळाला होतं. गर्भातच आतडी, जठर वर छातीत सरकतात आणि फुप्फुसाला वाढायला जागाच उरत नाही. ऑपरेशननं भोक बुजतं, फुप्फुस मात्र लहानच असतं. मग बाळ धापा टाकत श्वास घेतं आणि पोटात गेलेलं बरंचसं त्या श्वासातच जळतं. अशा बाळाला इतर बाळांपेक्षा जास्त ताकद लागते, आणि नेमकं तेच पिऊ शकत नाही. चोखता चोखता दम लागतो. प्यायलेलं उलटून वर येतं. किती दिवस तोंडात व्हेंटिलेटरची नळी होती, त्यामुळे ओठाला वाटी-चमचा लागला की आमचा पठ्ठ्या मान फिरवून कळवळून रडायचा.

दवाखान्याच्या कागदावर औषधं होती, टाके होते, पुढची तारीख होती. दुधाबद्दल एकच ओळ : सोसेल तसं पाजा. किती, किती वेळानं, वजन किती वाढलं पाहिजे, काही नाही. नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, सिरिंज उंच धरून, दूध कसं हळूहळू उतरू द्यायचं, हे सूनबाईला वॉर्डातल्या एका सिस्टरनं आपणहून शिकवलं. काढलेलं दूध खोलीत चार तास टिकतं म्हणतात. पण ती खोली पंचवीस अंशांची. आमच्या नागपूरच्या नंदनवन भागात मे महिन्यात कूलर लावूनही तेवढं उतरत नाही!

मी एसटीत जन्मभर कंडक्टरकी केली, हिशोबाची सवय. वहीत मिली आणि ग्रॅम लिहू लागलो. एका आठवड्यात फक्त ४० ग्रॅम वाढले, तेव्हा वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आईच्या दुधात घालायची पूड लिहून दिली आणि नळी आणखी काही दिवस ठेवली. वही नसती तर महिनाभर कोणाला कळलं नसतं. आणि भेटायला येणारे? ‘दूध पुरत नाही वाटते तुला,’ असं सुनेच्या तोंडावर. घुटी आणि मध घेऊन आलेल्या एका मावशींना मी दारातूनच परत पाठवलं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालतच नाही.

फुप्फुस जन्मानंतरही काही वर्षं वाढत राहतं. म्हणजे हे ग्रॅम गोबऱ्या गालांसाठी नाहीत, श्वासासाठी आहेत.

नागपुरात गडचिरोली, गोंदिया, शिवनी, बालाघाटहून अशी बाळं येतात. ती आई नाकात नळी असलेलं लेकरू घेऊन गावी गेल्यावर विचारणार कोणाला? माझं म्हणणं एवढंच, की सुट्टीच्या कागदासोबत दुधाचा मराठी-हिंदी तक्ता द्यावा आणि घरी जाण्याआधी आईच्या हातून दोनदा तरी नळीनं पाजून घ्यावं. अंगणवाडीत वजनकाटा आहे, आशाताई घरी येतात, २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही आहे. अशा बाळाचं वजन दर आठवड्याला घेऊन ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचवायला वेगळा निधी कशाला हवा?

आज सकाळी नातवानं वरणाचं पाणी चार चमचे घेतलं. पाचवा माझ्या सदऱ्यावर.

एक आजोबा, नंदनवन, नागपूर