काळोख्या गोष्टी कुमारवाचकांपासून लपवू नयेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कोल्हापुरातील ज्या शाळेत मी मराठी शिकवते, तेथे नववीच्या वाचनतासासाठी निवडलेली एक रहस्यकादंबरी काही पालकांच्या आक्षेपावरून नुकतीच यादीतून काढण्यात आली. कादंबरी परीकथेच्या वळणाची, पण काळोखी आहे. जिचे नावही घरात कोणी काढत नाही अशा आत्याचे काय झाले, याचा शोध तिच्यातील मुलगी घेते आणि तो शोध शेवटी तिच्या स्वतःच्या आजोबांपर्यंत पोहोचतो. परीकथेत इतके भयाण काही कशाला, आणि घरच्याच माणसांवर संशय घ्यायला मुलांना का शिकवायचे, असे पालकांचे म्हणणे होते. त्यांच्या काळजीविषयी मला आदर आहे. निर्णय मात्र चुकीचा झाला, असे मला ठामपणे वाटते.

परीकथा मुळात गोडगोजिऱ्या नव्हत्याच. फ्रान्समध्ये शार्ल पेरो या लेखकाने १६९७ साली छापलेल्या संग्रहातील निळ्या दाढीच्या श्रीमंत माणसाची गोष्ट म्हणजे कुलूपबंद खोलीचे आणि तिच्यात लपवलेल्या आधीच्या बायकांच्या प्रेतांचे रहस्य आहे. जर्मनीतील ग्रिम बंधूंच्या परीकथासंग्रहाच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. आई असे करू शकते हे वाचकांच्या घरात सांगणे जड जात असणार, म्हणून गोष्टीतल्या घराचेच गुपित झाकले गेले.

आपल्याकडे तर इतके दूर जाण्याचीही गरज नाही. आषाढ अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, कित्येक घरांत जी कहाणी वाचली जाते ती मी याच वर्गात वाचून दाखवली. राजाची सून घरातला पदार्थ स्वतः खाते आणि आळ उंदरांवर घालते. उंदीर सूड म्हणून तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकतात. सकाळी बोभाटा होतो, सासू-दीर तिला घराबाहेर काढतात. पुढे शिकारीहून परतणारा राजा रात्री एका झाडाखाली उतरतो, तेव्हा गावोगावचे दिवे त्या झाडावर जमून आपापल्या घरची हकीकत सांगू लागतात, आणि राजाच्या घरचा दिवा खरे काय घडले ते बोलून जातो. राजा घरी येऊन चौकशी करतो की, कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का? कोणीच पाहिलेले नसते. मग सुनेला मेणा पाठवून परत आणले जाते.

खोटा आळ, मुद्दाम पेरलेला पुरावा, सगळे पाहणारा पण बोलायची मुभा नसलेला साक्षीदार आणि उशिरा झालेली चौकशी हे सर्व या छोट्याशा कहाणीत आहे. शिवाय नायिका निर्दोष नाही, पहिले खोटे तिचेच आहे. वर्ग इतका शांत मी क्वचितच पाहिला. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बाई, पण हाकलण्याआधी तिला कुणी विचारलं का नाही?" त्यावरून तासाच्या उरलेल्या वेळात मुलांनी राजाची, सासूची, अगदी उंदरांचीही बाजू मांडून पाहिली. ज्या कादंबरीवर आक्षेप घेतला गेला, तिच्यातही याहून वेगळा प्रश्न नाही.

तेरा-चौदाव्या वर्षी मुलांना घरातले मौन कळू लागते. जुन्या फोटोतील अमुक माणूस कोण, काकांचे येणे-जाणे का बंद झाले, जमिनीच्या वाटणीचा विषय निघताच आई आत का निघून जाते, हे त्यांना दिसते. फक्त विचारायची सोय नसते. घरातली गोष्ट बाहेर जाता कामा नये, हे आपण त्यांना लहानपणापासून बजावलेले असते. काही घरांत या मौनाआड मुलांवर होणारा अत्याचारही दडलेला असतो. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा २०१२ साली आला, त्याची माहिती शाळेत दिली जाते आणि ती दिलीच पाहिजे. परंतु जवळच्या माणसाविषयी मनात आलेली शंका उच्चारायची कशी, हे कायद्याची कलमे वाचून मुलांना उमगत नाही. गोष्टीतली मुलगी ते आधी करून दाखवते, म्हणून वाचणारीला आपल्या शंकेची लाज वाटत नाही.

काळोखी म्हणून मिळेल ते मुलांच्या हाती द्यावे, असे मी म्हणत नाही. रक्तपाताची वर्णने आणि भुताखेतांची भरताड यांनी रहस्य तयार होत नाही. लपवणाऱ्या माणसालाही आपले कारण असावे, आणि गुपित उघड झाल्यावर त्या घराने पुढे कसे जगायचे हे लेखकाने टाळू नये. आक्षेप घेतलेल्या पुस्तकाची शेवटची तीन प्रकरणे नेमकी यासाठीच आहेत, आणि आक्षेप घेणाऱ्यांनी ती वाचली असती तर बरे झाले असते.

अशी पुस्तके मराठीत आणखी यायला हवीत आणि त्यांची सामग्री आपल्या दारात आहे. विजयाच्या सोहळ्याला बोलावले नाही म्हणून त्र्यंबोली देवी रुसून टेकडीवर जाऊन बसली आणि तिची समजूत काढायला अंबाबाईची पालखी दर ललितापंचमीला तिकडे जाते, ही कथा कोल्हापूरचे प्रत्येक मूल जाणते. पन्हाळ्याची तीन मजली अंधारबाव मुलांनी सहलीत पाहिलेली असते. नव्या लेखकांनी आणि प्रकाशकांनी इकडे वळावे.

करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५० पासूनची ग्रंथालय परंपरा या शहराला आहे. येथील सर्वच ग्रंथालयांनी बालविभाग आणि प्रौढांच्या कादंबऱ्या यांच्यामध्ये तेरा ते अठरा वयोगटासाठी स्वतंत्र कपाट ठेवावे, आणि आपल्या दैनिकाने रविवारच्या पुरवणीत अशी एखादी रहस्यकथा क्रमशः छापावी, अशी माझी विनंती आहे. आमच्या शाळेतील पालकांनाही मी या पत्राद्वारे आग्रहाने सुचवते की, त्यांनी पुस्तक पूर्ण वाचून एका वाचनतासाला मुलांबरोबर बसावे आणि त्यानंतर यादीचा फेरविचार व्हावा.

आपली विश्वासू,
एक मराठी शिक्षिका, कोल्हापूर